लोकल, बँक, घर आणि हरिपाठ

मी बदलापूरहून मुंबईला बँकेत नोकरीला जाते. जाण्यायेण्यातच रोजचे तीन तास मोडतात. तरी नामस्मरण चालू आहे आणि घरातल्यांशी बोलणंही. ते कसं जमवायचं, हे डब्यातल्या नव्या मुली विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

उरलेल्या वेळावर भिस्त ठेवू नका. नोकरी करणाऱ्या बाईचा वेळ उरत नसतो. जे काम रोज होणारच आहे, त्याला नाम जोडून टाका. माझा हरिपाठ सकाळच्या गाडीला जोडलेला आहे. गाडी सुटली की फोनचा आवाज बंद करायचा आणि तो डब्याच्या पिशवीत तळाशी टाकायचा. अंबरनाथला गर्दी चढते, चौथ्या सीटवर कुणीतरी टेकतं, कुणाची बॅग आपल्या गुडघ्यावर येते. तरी हळू आवाजात म्हणत राहायचं, शेजारणीला झोप घ्यायची असेल तर मनातल्या मनात. विठ्ठलवाडी स्टेशन आलं की आमच्यातल्या सगळ्याजणी नकळत हात जोडतात. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग साध्या चालीत अर्ध्या तासाच्या आत होतात. पण सुरुवात करणारीने एकच अभंग धरावा, तो पाठ झाला की पुढचा. मध्येच कुणी उतरायला वाट मागितली, पाठ तुटला, तर परतीच्या गाडीत तिथूनच पुढे.

घरच्यांचंही असंच. आपण त्यांना कधी मिळतो, हे त्यांना ठाऊक हवं. संध्याकाळी घरात शिरल्यावर थेट ओट्याशी जाऊ नका. हातपाय धुवा, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा, चहा टाका आणि सासूबाईंजवळ बसा. कुकर पंधरा मिनिटं उशिरा लागला तर कुणी उपाशी राहत नाही. आमच्याकडे त्या वेळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडायची असते. मेथीची जुडी सोडता सोडता सासूबाई गुडघ्याचं सांगतात, खालच्या मजल्यावरच्या नातीच्या बारशाचं सांगतात, मध्येच त्यांच्या माहेरच्या विहिरीचं निघतं. उपाय सुचवायची घाई करू नये. बहुतेक वेळा त्यांना औषध नको असतं, ऐकणारं माणूस हवं असतं.

मुलगा नववीत आहे. 'आज शाळेत काय झालं?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर येतं. म्हणून विचारू नका, नुसत्या जवळ असा. मी रात्री त्याच्या शर्टाला इस्त्री करते तेव्हा तो पलंगावर आडवा पडून आपणहून बोलायला लागतो. त्या वेळी इस्त्री लांबली तरी चालेल, पण हातात फोन घेऊ नये. माहेरी आईला फोन करायचा तोही बसून, रविवारी, स्टेशनवरून घाईघाईत चालताना नाही.

आता एक प्रश्न सगळ्यांना पडतो. पूजेला बसलोय आणि घरातून हाक आली, तर काय करायचं? उठायचं. पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता, दारात साक्षात देव आला, तर त्याने वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला, रागावला नाही. ज्या देवाची ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्याची पूजा करताना म्हाताऱ्या माणसाला पाणी मागून ताटकळत ठेवणं मला पटत नाही. पाणी द्या, परत या, उरलेली फुलं वाहा.

नवीन कॅलेंडर आलं की आषाढी, कार्तिकी आणि घरातले वाढदिवस यांवर खूण करून त्या दिवसांची रजा आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी मागितलेली रजा नाकारली जाते, चार महिने आधी मागितलेली बहुधा मिळते.

मार्चअखेरीला मात्र हे सगळं कोलमडतं. ३१ मार्चला बँकेतून निघायला रात्र होते. त्यासाठी आधीच घरी बसून बोलून घ्यावं: या आठवड्यात मी उशिरा येईन, दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करीन, भाजी तुम्ही निवडून ठेवा. आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तो फोन खरंच करावा. हरिपाठ तेव्हाही सकाळच्याच गाडीत.