न्यू जर्सीत घर भाड्याने घेण्याआधी मुलांची शाळा कशी ठरवावी

पुण्यात असताना आम्ही आधी घर घेतलं आणि मग शाळा शोधली. घर वाकडला, शाळा कोथरूडला, मधे व्हॅनवाले काका. न्यू जर्सीत असं जमत नाही. इथली सरकारी शाळा पत्त्याला बांधलेली असते. ज्या दिवशी लीजवर सही केली, त्या दिवशी मुलांची शाळाही ठरली. म्हणून भारतातून नव्याने येणाऱ्या ओळखीपाळखीच्यांना मी सांगते, बेडरूम किती ते मागाहून विचारा, आधी घर कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतं ते विचारा.

‘सरकारी शाळा’ म्हटल्यावर दचकू नका. एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो या उपनगरांत डॉक्टर-इंजिनियरांचीच काय, शाळेतल्या शिक्षकांची मुलंही याच शाळांत जातात. फी नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही.

डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे

पहिला घोळ इथेच होतो. जिल्ह्याला इथे काउंटी म्हणतात. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था. आपल्याकडे महापालिकेचं शिक्षण मंडळ असायचं, त्याच्या जवळपासची कल्पना. फक्त हिचं बजेट वेगळं, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड वेगळं आणि करातला वाटाही वेगळा. न्यू जर्सीत ५६४ गावं-शहरं आणि सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. कुठे एका गावाचं एक, तर कुठे दोन गावांचं मिळून एक, जसं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो.

पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. या राज्यात एका घराचा प्रॉपर्टी टॅक्स सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जातो आणि त्यातला साधारण निम्मा शाळांना. भाडेकरूंनाही ते घरभाड्यातून भरावंच लागतं, त्यामुळे ‘आम्ही काय, भाड्याने राहणारे’ असा संकोच शाळेच्या दारात नको. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, हा यातला उघड दोष. त्यावर इथल्या कोर्टांत १९७० च्या दशकापासून खटले चालत आले आहेत. घर शोधताना मात्र आपणही त्याच दोषाचा फायदा घेत असतो, हे मनाशी कबूल केलेलं बरं.

पत्ता तपासा, पोस्टाच्या नावावर जाऊ नका

जाहिरातीत ‘प्रिन्स्टन’ लिहिलेलं असतं आणि घर प्रत्यक्षात प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक किंवा मॉन्टगोमेरीत निघतं. पोस्टाच्या हद्दी वेगळ्या, टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या नगरपालिकेच्या, वेगळ्या. प्रिन्स्टन जंक्शन तर प्रिन्स्टनमध्ये नाहीच, ते वेस्ट विंडसरमध्ये आहे. मनमथ जंक्शन, केंडल पार्क, डेटन ही सगळी साउथ ब्रन्सविकमधली नावं. आणि आपल्या सगळ्यांची लाडकी ओक ट्री रोड? मिठाईच्या दुकानापासून चालत निघालात तर एका टोकाला इसलिन लागतं, म्हणजे वुडब्रिज टाउनशिप, आणि दुसरीकडे एडिसन. रस्ता तोच, डिस्ट्रिक्ट दोन.

योग्य डिस्ट्रिक्ट मिळालं तरी काम संपत नाही. डिस्ट्रिक्टच्या आतही हद्दी असतात. एडिसनमध्ये दोन हायस्कूलं आहेत, एडिसन हाय आणि जॉन पी. स्टीव्हन्स, ज्याला सगळे ‘जेपी’ म्हणतात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत नॉर्थ आणि साउथ अशी दोन. कुठला रस्ता कुठल्या शाळेला जातो हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि वर्गांत गर्दी झाली की हद्दी बदलतंही.

तेव्हा हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका:

१. घर नेमकं कुठल्या टाउनशिपमध्ये आहे? घरमालकाच्या टॅक्स बिलावर हे नाव छापलेलं असतं.

२. या पत्त्याला एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल कोणतं? हे एजंटाला विचारू नका. डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोन करा, घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता सांगा आणि उत्तर ई-मेलने मागा.

३. येत्या वर्षा-दोन वर्षांत हद्दी बदलण्याचा विचार चालू आहे का? नव्या टाउनहाउसांच्या कॉलनीत घर बघत असाल तर हा प्रश्न नक्कीच. जवळची शाळा भरली म्हणून मुलं लांबच्या शाळेत पाठवल्याची उदाहरणं असतात.

दहापैकी दहाच्या मागे लागू नका

घरांच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. सहा दिसला की आपली मंडळी ते घर पाहायलाही जात नाहीत. हे आकडे बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालांवर बेतलेले असतात, आणि निकाल आई-वडिलांच्या कमाई-शिक्षणाशी घट्ट बांधलेले. मग त्या आकड्यात शाळेने काय केलं आणि घरच्या शिकवणीने काय केलं, हे वेगळं कसं काढणार?

त्यापेक्षा राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल प्रसिद्ध करतं, तो उघडा. त्यात मी आधी दोन गोष्टी बघते. एक, वर्षभरात मुलांची प्रगती किती झाली, म्हणजे आधीच्या वर्षी तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांच्या तुलनेत ती कुठे आहेत. दुसरी, दहा टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणारी मुलं किती. मुलं शाळेत यायलाच तयार नसतील तर निकालाचा आकडा कितीही चांगला असो, काहीतरी खुपतं आहे.

आणि ‘टॉप’ डिस्ट्रिक्टची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर चालला आहे, असा त्याचा सूर. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नाही असं ठरवलं. पालकांत सरळ फूट पडली. विरोध करणाऱ्यांत भारतीय आणि चिनी पालक पुष्कळ होते. आम्ही मुलांसाठी समुद्र ओलांडून आलो आणि तुम्ही अभ्यास कमी करता, हे त्यांना पटेना. आमच्या हळदीकुंकवातही याच विषयावर आवाज चढले होते. मी तेव्हा गप्प बसले. आज बसले नसते. चौथीतल्या मुलाला गणिताच्या तीन-तीन क्लासना पाठवून शाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं: भारतातूनच तयारी

रजिस्ट्रेशनला साधारण एवढं लागतं: मुलाच्या वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, लसींची नोंद, डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म आणि आधीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक. शाळा सोडल्याचा दाखला इथे कुणी मागत नाही, पण आणा. परत जायची वेळ आली तर तिकडे पहिला तोच मागतील. जन्म दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहून गेलं असेल तर निघण्याआधी महापालिकेतून घालून घ्या. इथून ते काम करवून घेणं म्हणजे मामाला चार हेलपाटे.

राहण्याचा पुरावा म्हणजे लीज, विजेचं बिल, बँकेचं पत्र, असं दोन-तीन. नातेवाइकांकडे उतरला असाल आणि नावावर काहीच नसेल तरी अडत नाही. घरमालक आणि तुम्ही शपथपत्र द्यायचं. खोटा पत्ता मात्र देऊ नका. डिस्ट्रिक्ट चौकशी करतं आणि मूल बाहेरचं निघालं तर जितके दिवस शिकलं तितक्या दिवसांची फी वसूल करू शकतं. उलट तुमचं खरं असून प्रवेश नाकारला, तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं.

व्हिसाची स्थिती किंवा सोशल सिक्युरिटी नंबर प्रवेशाची अट म्हणून शाळेला मागता येत नाही. टेक्सासमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निकाल दिला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या पालकांनी तर बिचकायचं कारणच नाही.

बालवर्गासाठी, म्हणजे किंडरगार्टनसाठी, बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. भारतात जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल इथे सप्टेंबरमध्ये पुन्हा बालवर्गात बसवलं, तर आजीला कमीपणा वाटेल. वाटू द्या. वर्षभरात मूल भाषेत रुळतं.

लसींची वही: सगळ्यात जास्त इथेच अडतं

भारतातल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. न्यू जर्सीत पहिल्या वाढदिवसानंतरचाच डोस मोजतात, त्यामुळे नवव्या महिन्यातला डोस धरला जात नाही. गोवराचे दोन डोस हवेत. शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो आणि इथे तो लागतो. कांजिण्यांची लसही लागते. ती आपल्याकडे खासगी डॉक्टरकडे घेतली असेल तरच वहीत सापडेल. हे सगळं निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि राहिलेलं तिथेच घ्या.

टीबीचीही तपासणी सांगतात. आपल्या मुलांनी जन्मतः बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे लचांड मागे लागतं. रक्ताची चाचणी चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

आणि तारखा! माझ्या मोठीचा जन्म जूनमधला. तिच्या वहीत पुढच्या वर्षीच्या डोससमोर ०५/०९ लिहिलेलं, म्हणजे ५ सप्टेंबर. शाळेच्या नर्सने वाचलं ९ मे. मग अर्थातच ‘हा डोस पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा, चालणार नाही’. आठवडाभर फोन, ई-मेल, पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, डॉक्टरांच्या लेटरहेडवर सगळ्या लसींची यादी टाइप करून आणा आणि महिना अक्षरांत लिहायला लावा.

परदेशातून आलेल्या मुलाला कागद पूर्ण करायला ३० दिवसांची सवलत मिळते. पण नव्या पेशंटला बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळायलाच कधी कधी तेवढे दिवस लागतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन ऑफिसात झुंबड असते. जुलैत शाळा बंद असली तरी ऑफिस चालू असतं, तेव्हाच उरका.

‘घरी कोणती भाषा बोलता?’

फॉर्ममध्ये हा प्रश्न येतो आणि पालक घाबरून ‘इंग्लिश’ लिहितात. मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील ही भीती. मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. फार तर इंग्रजीची एक छोटी चाचणी होते. मदत लागणार असेल तर दिवसातला थोडा वेळ वेगळे शिक्षक घेतात, आणि ही मदत नको असेल तर पालक तसं लेखी कळवू शकतात. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही पहिल्या महिन्यात वर्गात गप्प असतात. शब्द येत असतात, उच्चार कळत नाहीत.

मुलाला शिकण्यात वेगळी अडचण आहे अशी शंका असेल तर तोंडी सांगून थांबू नका. तपासणी करावी अशी विनंती लेखी द्या. पत्र पोचल्यापासून २० दिवसांत डिस्ट्रिक्टला बैठक घ्यावी लागते. त्यातून शाळेच्या सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळ्याची सुट्टी वगळत नाहीत.

बस आणि डबा

आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा जास्त लांब असेल, किंवा नववीपासून पुढच्याचं अडीच मैलांपेक्षा, तर बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याच्या आत राहत असाल तर काही ठिकाणी पैसे भरून बस मिळते, काही ठिकाणी चालत जा. घर बघताना नकाशावर हे अंतर मोजा. दोघंही नोकरी करणारे असाल तर बेडरूमपेक्षा याने जास्त फरक पडतो. डब्यात शेंगदाण्याची चटणी देण्याआधी वर्गात कुणाला ॲलर्जी आहे का ते शिक्षकांना विचारा. साबुदाण्याच्या खिचडीलाही हेच लागू.

शाळा सुरू झाल्यावर

तक्रार असेल तर आधी वर्गशिक्षक, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंट. थेट वर पत्र धाडलंत तर ते फिरून शिक्षकांकडेच येतं, आणि आता त्यात कटुताही मिसळलेली असते.

बोर्डाच्या सभा सर्वांना खुल्या असतात. १९७५ चा राज्याचा कायदाच तसा आहे आणि लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. बोर्डाच्या निवडणुकीत नागरिकत्वाशिवाय मत देता येत नाही, पण सभेत बोलायला व्हिसा आड येत नाही. दिवाळीची सुट्टी, शाळांच्या हद्दी, बसचे पैसे यांची चर्चा याच सभेत होते. विषयपत्रिका आधी वेबसाइटवर लागते. बोलण्यासाठी प्रत्येकाला साधारण तीन मिनिटं मिळतात, म्हणून घरी घड्याळ लावून एकदा म्हणून बघा. सभा रात्री असते आणि लांबते. जेवून जा, स्वेटर न्या, आणि पहिल्या खेपेला मागच्या रांगेत बसून नुसतं ऐका.