सीपीआरला जाण्याआधी तो एक कागद लिहा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दिव्यांग दाखला, म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र, काढायला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जायचं, तर सोबत आधार, रेशन कार्ड, फोटो, मोबाईल. हे कुणी विसरत नाही, त्यामुळं त्यावर शब्द घालवत नाही. विसरतो तो अडचणींचा कागद. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज काय जमत नाही, ते त्यांच्यासमोर बसून एका पानावर लिहून काढायचं. गेल्या खेपेला आमच्याकडून राहिलं ते हेच, म्हणून आधी हे, बाकीचं नंतर.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर विचारतात, "काय त्रास होतोय, आजोबा?" आजोबा म्हणतात, "काय न्हाई साहेब, बरं हाय. जरा गुडघं धरत्यात." झालं, तिथंच निम्मा दाखला गेला. दुखणं चारचौघांत बोलून दाखवायची सवय त्या पिढीला नाही. त्यात सकाळी दाढी, परीटघडीचं धोतर, डोक्याला टोपी आणि निघताना सुनेनं काळजीनं दिलेली दुखण्याची जादा गोळी. वर्षभरात कधी बसत नाहीत इतके ताठ त्या दिवशी बसतात. नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी द्याच, बीपी-शुगरची गोळी चुकवायचा शहाणपणा करू नका. फक्त जादा काही देऊ नका. आणि काठी रोज वापरत असतील तर ती गाडीत ठेवून आत जाऊ नका.

कागदावर काय लिहायचं? "गुडघे दुखतात" हे लिहून उपयोग नाही, ते सगळ्यांचेच दुखतात. हातापायाच्या अपंगत्वाचे टक्के काढताना सांधा किती वळतो आणि जोर किती आहे हे मोजतात, आणि त्याबरोबर कामं बघतात. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, जिना चढता आणि उतरता येतो का, उतारावर तोल राहतो का, एका पायावर उभं राहता येतं का. हाताचं असेल तर घास तोंडाशी नेणं, केस विंचरणं, सदऱ्याची बटणं, लेंग्याची नाडी, पाण्याचा पेला. याच क्रमानं लिहा आणि आकडे घाला. "दूध आणायला दोनशे पावलं, मध्ये दोनदा कट्ट्यावर टेकावं लागतं." "खालच्या बैठकीच्या संडासात बसता येत नाही, दिवाळीपासून कमोडची खुर्ची." "चार बटणांतली वरची दोन बायको लावते." "रात्री तीनदा उठतात, त्यातल्या एकदा कुणीतरी धरावं लागतं." बरा दिवस आणि वाईट दिवस वेगळे लिहा, आठवड्यात वाईट किती तेही. कंपवाताचं दुखणं असेल तर गोळीची वेळ लिहा आणि गोळीचा अंमल उतरल्यावर काय होतं तेही, कारण गोळी लागू असताना माणूस खोलीत बरा दिसतो.

हा कागद आदल्या रात्री अकराला लिहू नका. चार-पाच दिवस बघून लिहा. आणि कागद आजोबांना वाचून दाखवा, नाहीतर खोलीत तेच म्हणतील, "असं काय न्हाई, पोरगं वाढवून सांगतंय."

वाढवून मात्र खरंच सांगू नका. खोटं लंगडणं मोजमापात उघडं पडतं, आणि कानाच्या आकड्याबद्दल शंका आली तर बेरा तपासणी करतात, म्हणजे आवाजाला मेंदू काय दाद देतो ते यंत्रानं मोजतात, तिथं माणसाच्या होय-नाहीला किंमत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खोटेपणानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. जे जमतं ते "जमतं" असंच लिहा, म्हणजे उरलेल्यावर विश्वास बसतो.

आता टक्के. बहुतेक लाभांचं दार ४० ला उघडतं. उतारवयात एकच मोठं अपंगत्व क्वचित असतं, बारीकसारीक तीन-चार असतात, म्हणून स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरताना लागू असलेले सगळे प्रकार निवडा. गुडघा एवढाच निवडला तर कान कुणी तपासणार नाही. बेरीज सरळ होत नाही, हेही ध्यानात ठेवा. पायाचे ३० आणि कानाचे २० म्हणजे ५० नव्हे. मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, उरलेल्या ६० ला लहान आकड्यानं, म्हणजे २० नं गुणायचं, ९० नं भागायचं, आलेले १३ मोठ्यात मिळवायचे. ४३. एक प्रकार वगळला असता तर ३० वर अडकलं असतं.

डोळे चष्मा लावून मोजतात, तेव्हा चष्मा न्या. मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन उरका, ज्याला इलाज आहे त्यावर कायमचा दाखला मागू नये. कानातला मळ आधी काढून घ्या. अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले नसतील तर थांबा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, एक्स-रे तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली. आधारवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव एकच आहे का बघा, तुकारामचा तुकाराव झालेला असतो. चंदगडकडून येणाऱ्यांनी शंभराच्या वर किलोमीटरचा प्रवास धरून आदल्या दिवशीच शहरात मुक्काम करावा. पहाटेच्या एसटीनं आलेलं माणूस अर्धमेलं असतं आणि लवकर सुटावं म्हणून काहीही कबूल करतं.

आत जाताना कागद हातात. पिशवीत नको. विचारतील तेव्हा आजोबांनाच बोलू द्या, अडखळले की कागद पुढं करा, प्रत केसपेपरला लावायची विनंती करा.

दाखला आला की दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा रंग बघा. ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० पासून वर निळा. आकडा पटला नाही तर अपील आहे, भांडण नको.

पुढचं भराभर. वय ६५ च्या आत असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला वर्षाला ५० हजारांच्या आत हवा. ६५ झाले की श्रावणबाळ योजना, तिथं मर्यादा २१ हजार, म्हणून ६४ व्या वर्षी टंगळमंगळ करू नका. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला दीड हजाराऐवजी अडीच हजार. राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, आधारला जोडलेलं बँक खातं. घरात कुणी आयकर भरत असेल तर त्यातली अपंगत्वासाठीची वजावट बघा. एसटीत ७५ टक्के सवलत, पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास तसाही फुकट. ग्रामपंचायत आणि महापालिकेचा पाच टक्के दिव्यांग निधी असतो, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला.

दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत असते, तिच्या दोन महिने आधी पुन्हा अर्ज. आणि कागद नवा लिहायचा, जुन्याची झेरॉक्स नको. वर्षात चारातलं तिसरं बटणही गेलेलं असतं.