आलेखातली शून्याची रेषा ठळक कशी करावी

नफा-तोटा, वाढ-घट, सरासरीपेक्षा कमी-जास्त तापमान. आकडे शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातात, तेव्हा शून्य नेमकं कुठे आहे हे कळल्याशिवाय आलेख वाचताच येत नाही. तरीही बऱ्याच आलेखांत ही रेषा इतर ग्रिडरेषांइतकीच (आकडे वाचायला मदत म्हणून मागे आखलेल्या रेषांइतकीच) फिकट असते. ती उठून दिसावी यासाठी फार खटपट लागत नाही, पण क्रम सांभाळावा लागतो.

आधी अक्ष तपासा

रेषा जाड करण्यापूर्वी ती खरोखर शून्यावर आहे का, ते बघा. स्तंभालेखात आपण स्तंभाची लांबी वाचतो. समजा दोन आकडे आहेत, 50 आणि 52. अक्ष 48 पासून सुरू केला, तर स्तंभांची उंची 2 आणि 4 भरते. वाढ फक्त 4 टक्के असूनही दुसरा स्तंभ दुप्पट दिसतो. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःहूनही असा अक्ष निवडतं, त्यामुळे अशा वेळी किमान मर्यादा हाताने 0 लिहा. रंग भरलेल्या क्षेत्रालेखालाही हाच नियम लागू.

रेषालेखाचं तसं नाही. तिथे आपण चढ-उतार वाचतो. तापातल्या रुग्णाचं तापमान 0 अंशापासून मांडलं, तर 37 आणि 40 मधला गंभीर फरक सपाट होऊन जाईल. अशा आलेखात अक्ष शून्याच्या वरच्या आकड्यापासून सुरू करा, मात्र तळाची रेषा जाड करू नका. तळाशी गडद रेषा दिसली की वाचक तिला शून्यच समजतो, आणि माझ्या मते ही चूक फिकट शून्यरेषेपेक्षा जास्त घातक आहे.

मग बाकीचं मागे ढकला

आधी ग्रिडरेषा फिकट राखाडी आणि अर्धा पॉइंट जाडीच्या करा, जमल्यास संख्येनेही कमी करा. त्यानंतर शून्यरेषा काळी किंवा गडद राखाडी, एक ते दीड पॉइंट जाड आणि अखंड ठेवा. तुटक रेषा नको. ती सहसा उद्दिष्ट, सरासरी किंवा अंदाज दाखवायला वापरतात.

एक्सेलमध्ये आडवा अक्ष निवडून ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये रेषेचा रंग आणि जाडी बदला. पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘एएक्सएचलाइन’ (axhline) या फंक्शनला 0 द्या. आर भाषेतल्या जीजीप्लॉट-2 मध्ये ‘जिऑम-एचलाइन’ (geom_hline) वापरा, आणि तो थर स्तंभांच्या थरानंतर लिहा. तिथे थर लिहिलेल्या क्रमाने रंगतात, त्यामुळे आधी लिहिलेली रेषा स्तंभांखाली झाकली जाते.

ऋण आकड्यांची लेबलं हलवा

शून्यरेषेलगत महिन्यांची किंवा गटांची नावं असतील, तर खाली उतरणारे स्तंभ त्यांच्यावरूनच जातात. एक्सेलमध्ये ‘लेबल पोझिशन’ला ‘लो’ निवडा: नावं तळाशी जातात, रेषा जागेवर राहते. उभ्या अक्षावरचा ‘0’ हा अंकही ठळक केला तर उत्तम.

शून्य नसेल तेव्हा

सगळ्याच आलेखांचा पाया शून्य नसतो. पायाभूत वर्ष 100 धरलेल्या निर्देशांकात वाढ-घट 100 पासून मोजतात, म्हणून ठळक रेषा 100 वर हवी आणि तिच्याशेजारी ‘पायाभूत वर्ष = 100’ असं लिहायला हवं. लॉगरिदमिक अक्षावर (जिथे प्रत्येक समान टप्प्याला आकडा ठरावीक पटीने वाढतो) तर शून्य येतच नाही, कारण शून्याचा लॉगरिदम अस्तित्वात नाही. तिथली सगळ्यात खालची रेषा इतर रेषांसारखीच फिकट राहू द्या.

शेवटी आलेख मोबाइलच्या रुंदीला लहान करून बघा. संगणकावर स्पष्ट वाटलेली एक पॉइंटची रेषा तिथे ग्रिडमध्ये मिसळत असेल, तर तिची जाडी वाढवण्याआधी ग्रिडरेषा आणखी फिकट करून पाहा.