पितृपक्षात अंदमान : ऑफ-सीझनला जायचं असेल तर आधी बोटीचं बघा

"ऑक्टोबरमधे अंदमानला जाऊ का गं, पाऊस असतो ना?" हा प्रश्न मला वर्षातनं पाचसहा जणी तरी विचारतात, कारण मी दोनदा ऑफ-सीझनलाच जाऊन आलेय, एकदा फजिती करून घेऊन आणि एकदा शहाणी होऊन. तर आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवेन.

हो, पाऊस असतो. अख्ख्या देशात मान्सून पहिल्यांदा तिथेच पोचतो, मे महिन्यातच, आणि जाताना पण लवकर हलत नाही, वर परत ईशान्येकडचा पाऊस लागतोच. म्हणजे ऑक्टोबरमधे आपल्याकडे अंग भाजून निघत असतं तेव्हा तिकडे आभाळ भरलेलं. पण तो पाऊस आपल्या जुलैसारखा तीन-तीन दिवस घरात कोंडणारा असेलच असं नाही, बऱ्याचदा तासभर बदाबदा कोसळतो आणि मग असं लख्ख ऊन की मघाशी पाऊस होता हे सांगून पटणार नाही. भिजलेले कपडे मात्र वाळत नाहीत, हे धरून चाला.

तारखा कशा काढायच्या? कॅलेंडर घ्या, कालनिर्णयच घ्या. अनंत चतुर्दशी झाली की घटस्थापनेपर्यंतचा जो पंधरवडा असतो तो सोन्यासारखा. मराठी माणूस पितृपक्षात शुभकार्य करत नाही आणि सहलीला पण सहसा निघत नाही, गुजराती मंडळी दिवाळीची वाट बघत असतात, बंगाली पूजेच्या सुट्टीची. अंदमानला बंगाली पर्यटक प्रचंड, कोलकात्याहून थेट विमान आहे, त्यामुळे नवरात्राचे शेवटचे दिवस आणि दसऱ्याचा आठवडा तिकडे ऑफ-सीझन राहतच नाही. दुसरी फट दसऱ्यानंतर ते शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची. ती हवामानाला जरा बरी पण पोरांची सहामाही परीक्षा नेमकी तेव्हाच असते. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या, "मामंजींची तिथी अष्टमीची, ती झाली की तुम्ही मोकळे, मग खुशाल जा", आणि आम्ही दशमीला निघालो. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी उगाच वाद घालू नये, दसऱ्यानंतरचं बघावं.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी विमान बघतात, मग हॉटेल, आणि बोट सगळ्यात शेवटी, आणि तिथेच घोळ होतो. अंदमानला सगळा खेळ बोटीचा आहे. विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं, फोटोत दिसणारे बीच हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर, आणि मधे समुद्र. खवळला की बोटी रद्द. विमान उडेल, हॉटेल चालू असेल, पण तुम्ही जेट्टीवर बॅगेवर बसलेले. आमचं पहिल्या वेळी हेच झालं, शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवली होती, विचार असा की सकाळच्या बोटीने येऊ आणि दुपारचं विमान पकडू, हिशोब एकदम फिट. सकाळी जेट्टीवर गेलो तर वाऱ्यामुळे आज काही नाही. बोटवाल्यांनी पैसे परत दिले, त्यांची चूक नव्हतीच, चूक आमची. दुसऱ्या दिवशी निघालो, तोवर विमान गेलेलं, ऐनवेळी काढलेल्या तिकिटात हॉटेलच्या डिस्काउंटमधे वाचवलेले सगळे पैसे गेले आणि वर खिशातले अजून गेले ते वेगळेच. आणि हे फक्त ऑफ-सीझनलाच होतं असं पण नाही हं, 2016 च्या डिसेंबरमधे, म्हणजे ऐन सीझनला, वादळामुळे हॅवलॉक-नीलला शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती.

म्हणून माझा नियम असा, की ऑफ-सीझनला जे पैसे वाचतात त्यातनं एक जादा दिवस विकत घ्यायचा. सहा रात्रींचा प्लॅन असेल तर सात करा. आणि तो जादा दिवस शेवटी, पोर्ट ब्लेअरमधे. बहुतेक टूरवाले पहिल्या दिवशी सेल्युलर जेल दाखवतात, मग बेटांवर नेतात आणि शेवटच्या दिवशी घाईघाईने परत आणतात. तुम्ही उलटं करा. पोचलात की एक रात्र झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री, मग नीलला एक, आणि मग पोर्ट ब्लेअरला दोन. जेल, रॉस आयलंड, सगळं शहरातलं शेवटी. बोट एक दिवस उशिरा आली तरी काय जाईल, तर रॉस आयलंड जाईल, विमान जाणार नाही.

नावांचा गोंधळ आधीच सांगते. पोर्ट ब्लेअर आता 2024 पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉक आणि नील 2018 च्या शेवटापासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, रॉस आयलंडला नेताजींचं नाव. तिथे बोलताना सगळे जुनीच नावं घेतात पण तिकिटावर कुठलंही असू शकतं, म्हणून शोधताना दोन्ही टाकून बघा. मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला बदलावं लागतं. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मधे तासाभराची गॅप ठेवायचा शहाणपणा करू नका, एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढचं त्यांच्या गळ्यात.

बोटी दोन प्रकारच्या. खाजगी कॅटामरान, एसी, बंद काचा, विमानासारख्या सीटा, हॅवलॉकला साधारण दीड-दोन तासात. आणि सरकारी फेरी, स्वस्त, हळू, पण डेकवर उभं राहता येतं. समुद्र लागणाऱ्यांनी हे नीट वाचा. बंद एसी बोटीत लाटा असताना एकाला उलटी झाली की ती साथ कशी पसरते ते मी डोळ्यांनी बघितलंय, कर्मचारी पिशव्या वाटत फिरत होते आणि माझा नवरा, जो घाटात कधी हूं की चूं करत नाही, तो समोरच्या सीटला कपाळ टेकून बसला होता. गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही. आलेपाक न्या, आणि सीट मागच्या बाजूला, मधल्या भागात मागा, पुढे सगळ्यात जास्त आपटतं. आणि सकाळचीच बोट घ्या, ती रद्द झाली तर दुपारच्या बोटीची आशा तरी असते.

हवामान बघताना नुसतं "पाऊस 80 टक्के" बघून हाय खाऊ नका. पावसाने काही अडत नाही, अडतं ते वाऱ्याने आणि लाटांनी. विंडी ॲपवर लाटांची उंची बघा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. कोळ्यांना जाऊ नका म्हटलंय म्हणजे तुमच्या बोटीचं पण काही खरं नाही. अंदमान समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय अशी बातमी आली की बेटावरचा प्लॅन एक दिवस आवरता घ्या, सरळ.

दिशा पण समजून घ्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वारा नैऋत्येचा, म्हणजे पश्चिमेकडचे किनारे खवळलेले. हॅवलॉकचा राधानगर बीच पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे तेव्हा लाटा मोठ्या, पोहायला धोक्याच्या, लाइफगार्ड शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढत असतात आणि आपले लोक हसून अजून आत जातात. लाल झेंडा असेल तर पाय ओले करा आणि परत या. पूर्वेकडचे गोविंदनगर, विजयनगर, कालापत्थर तेव्हा शांत असतात, हॉटेल तिकडेच घ्या, जेट्टी पण जवळ. पण ओहोटीला तिकडे पाणी लांबवर आत जातं आणि खाली खडक-प्रवाळ उघडे पडतात, बुटाशिवाय चालता येत नाही. मगरींच्या पाट्या असतील तिथे पाण्यात उतरायचंच नाही, त्या शोभेला लावलेल्या नाहीत.

म्हणून भरतीचं वेळापत्रक हवंच. आपल्या कोकणातलं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं गणित तिथे लागू होत नाही (माझ्या रत्नागिरीच्या काकांनी ते तिथेही चालवून बघितलं, सपशेल फसलं), हॉटेलवाल्याला विचारा नाहीतर नेटवर बघा. पण अमावस्या-पौर्णिमेला उधाण हे जगभर सारखंच. आणि ते नीलला कामाला येतं, तिथला जो दगडी नैसर्गिक पूल आहे, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, तिथे ओहोटीलाच जाता येतं आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. खड्ड्या-खड्ड्यांतनं समुद्रकाकड्या, खेकडे, बारके निळे मासे. शेवाळावर घसरायला होतं, चप्पल नको, पट्ट्याचे सँडल घाला.

आणि हे एक खास पितृपक्षवाल्यांसाठी. हॅवलॉकला रात्री कयाकमधनं नेतात, पाणी चमकताना बघायला, बायोल्युमिनिसन्स म्हणतात ते. त्याला काळोख लागतो, चांदणं असेल तर काही दिसत नाही आणि पैसे वाया. पितृपक्ष म्हणजे वद्य पक्ष, अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा नंतर उगवतो, आणि सर्वपित्रीला तर चंद्रच नाही. आम्ही सर्वपित्रीलाच गेलो. खारफुटीतनं जाताना आधी काहीच दिसेना, मला वाटलं फसवलं, मग वल्हं पाण्यात बुडवलं तर त्याच्या कडेने निळसर ठिणग्या उठल्या आणि वल्हं वर घेतलं तर टपकणारा प्रत्येक थेंब खाली पडून पेटत होता. फोटोत येत नाही, प्रयत्न करू नका. पाऊस असेल तर रद्द होतं, म्हणून पहिल्याच रात्रीचं बुक करा, म्हणजे पुढे ढकलायला रात्री उरतात.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा, घड्याळ भारताचंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे ऑक्टोबरमधे सकाळी पाचच्या पुढे लगेच उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाच म्हणजे सूर्य गायब, पावणेसहाला मिट्ट काळोख. राधानगरला सूर्यास्त बघायला लोक निवांत चहा पिऊन सहाला पोचतात आणि परत येताना जंगलातल्या रस्त्यावर स्कूटी चाचपडत चालवतात. चारला तिथे असा. आणि झोप पण लवकर घ्या, दिवस पाचलाच सुरू होतो.

स्कूबा करायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर एखाद दिवस पाणी गढूळ असतं, तारीख लवचिक ठेवा. दमा, बीपी, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा, लपवून कुणाचंही भलं होत नाही. डाइव्ह झाल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, शेवटी पोर्ट ब्लेअरला दोन रात्री ठेवल्या की हे आपोआप सुटतं.

बाराटांग बेट मी सोडा म्हणेन. पहाटे तीन-चारला उठून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातनं जायचं, पुढे चुनखडीच्या गुहा, आणि पावसात तिथली छोटी बोट बंद असेल तर अख्खा दिवस गेला. शिवाय गाडीतले निम्मे लोक "जारवा दिसतील का" म्हणून आलेले असतात, ती माणसं आहेत हो, राणीची बाग नाही. फोटो काढणं, थांबणं, काही देणं, सगळं बेकायदा आहे.

खाणं. हॅवलॉकची वस्ती मूळ पूर्व बंगालातनं आलेल्या निर्वासितांची, बाजारात सकाळी लुची-तरकारी झकास मिळते, आणि मासे ताजे. पितृपक्षात खाणार की नाही ते तुमचं तुम्ही बघा. शाकाहारी उपाशी मरत नाहीत पण भाजी महाग, बरीचशी बाहेरनं येते. कॅश न्या, यूपीआय चालतं पण नेटवर्क गेलं की चहाचे वीस रुपये पण देता येत नाहीत. 2020 मधे चेन्नईहून समुद्राखालनं केबल टाकल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय, तरी वर्क फ्रॉम बीचच्या भानगडीत पडू नका.

ज्यांना हे सगळं वाचून "नको बाई, मला ऊनच हवं" वाटलं त्यांनी ऑक्टोबरमधे बालीचं बघा, तिथे तेव्हा कोरड्या सीझनचा शेवट असतो. खर्च वेगळा, पासपोर्ट वेगळा.

तर शेवटचे दोन दिवस. जेल सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, दुपारी मधे बंद असतं, आणि ऑफ-सीझनला सकाळी तिथे शांतता असते. सात विंगांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला, तिथे आम्ही गेलो तेव्हा बाहेर धो-धो पाऊस लागला होता आणि कोठडीच्या त्या वरच्या छोट्या झरोक्यातनं फक्त करडं आभाळ दिसत होतं, नवरा बराच वेळ काही बोललाच नाही. लाइट अँड साउंड शो उघड्यावर असतो, छत्री-रेनकोट घेऊन जा, जोरात आला तर रद्द. पाऊस थांबतच नसेल तर समुद्रिका म्युझियम, नाहीतर 1883 पासूनची चाथमची सॉ मिल, रविवार सोडून.

आणि निघताना बॅगा तपासा, विशेषतः पोरांच्या. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे आणि कित्येक शंख-शिंपले न्यायला कायद्याने बंदी आहे, विमानतळावर स्कॅनरमधे दिसतात. माझ्या भाच्याच्या पेन्सिलच्या डबीतनं चार निघाले, काढून घेतले, आणि पोरगं चेन्नईपर्यंत रडत होतं.