छोट्या आउटबोर्डवर होडीतली बॅटरी चार्ज करताना

पाच ते दहा हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डमध्ये (होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनात) गाडीसारखा वेगळा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलच्या आत चुंबक फिरतात आणि त्यांच्यासमोरच्या लायटिंग कॉइलमध्ये वीज तयार होते. दोरीने सुरू होणाऱ्या बऱ्याच मशीनांत ही कॉइल दिलेलीच नसते, म्हणून सामान आणण्याआधी झाकण काढून बघा.

या कॉइलमधून एसी वीज येते. ती थेट बॅटरीला लावली तर बॅटरी चार्ज होत नाही, उलट बॅटरीचाच करंट कॉइलमध्ये घुसून ती जळते. मध्ये एसीची डीसी करणारा रेक्टिफायर हवाच, आणि बॅटरी सीलबंद असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरसुद्धा.

मशीन बंद ठेवून मल्टिमीटर ओहमवर लावा. कॉइलच्या दोन वायरींमध्ये एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी दिसावे, पण कुठल्याही वायरीपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत जोडणीच दिसू नये. एक टोक बॉडीला जोडलेले असेल तर ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या चार भागांचा) लावू नका. बॅटरीचा मायनसही बॉडीलाच असतो, त्यामुळे अर्ध्या फेरीत कॉइल डायोडमधून शॉर्ट होते. मोटारसायकलचा रेग्युलेटर वापरतानाही हेच तपासा. बॉडीला टोक जोडलेल्या कॉइलसाठी बनवलेला नग दोन्ही टोके सुटी असलेल्या कॉइलला चालणार नाही.

साधा ब्रिज घ्यायचा तर २५ अँपिअरचा, धातूच्या तळाचा घ्या. ५ अँपिअरला तो ७ ते १० वॉट उष्णता सोडतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट आवळा. कॉइलच्या दोन्ही वायरी एसीच्या टोकांना, प्लस बॅटरीच्या प्लसला, मायनस मायनसला. प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, कारण शॉर्ट झाल्यावर आग लावण्याइतका करंट बॅटरीकडून येतो, कॉइलकडून नाही.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली. खाऱ्या हवेत साधे तांबे आतल्या आत हिरवे पडते आणि वरून वायर धडधाकट दिसते. बॅटरी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्या.

चाचणी करताना मशीन कोरडे चालवू नका, इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा (इम्पेलर) काही सेकंदांत खराब होतो. पिंपात पाणी भरून किंवा होडी पाण्यात असतानाच सुरू करा. मध्यम वेगाला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की जोडणी बरोबर. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर नाही किंवा तो गेलाय. मशीन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. व्होल्टेज उसळून जीपीएस आणि मासे दाखवणारा फिशफाइंडर जातात.

आता हिशोब, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. ६० वॉटची कॉइल पूर्ण वेगाला सुमारे ५ अँपिअर देते, मंद वेगाला जवळजवळ काहीच नाही. ४० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी उतरली, म्हणजे १२.२ व्होल्टवर आली, की ती भरायला सहा-सात तास मशीन पळवावे लागेल. रात्रभर जाळ्यावर १० वॉटचा एलईडी सहा तास जाळलात तर ५ अँपिअर-तास गेले. तेवढे मात्र घरी परततानाच्या तास-दीड तासात भरून येतात. त्याहून जास्त खर्च असेल तर किनाऱ्यावर चार्जर किंवा होडीवर सोलर पॅनल लागेल.

लिथियम बॅटरी या कॉइलला थेट जोडू नये. ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते, कॉइल तापते, आणि भरल्यावर बॅटरीतली सुरक्षा यंत्रणा झटकन जोडणी तोडते. तेव्हा चालू मशीनवर वायर काढल्यासारखेच होते.