नाजूक फुलांचं बी रुजत नाही? या चुका टाळा

'बी खराब निघालं' हे दर हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा तरी कानावर येतं. जाऊन ट्रे उकरून बघितला, तर बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. गडबड पेरण्यात झालेली असते. बी पेरण्याशी आपली पहिली ओळख होते ती घटस्थापनेला. परडीत माती, तिच्यात मूठभर गहू, वरून रोज पाणी, आणि नवरात्र संपेपर्यंत घट हिरवागार. तोच हात मग आपण बेगोनियालाही लावतो. पण गव्हाच्या दाण्यात कोंबाला बरेच दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. बेगोनियाचं बी म्हणजे तपकिरी धूळ, एका ग्रॅममध्ये साठ-सत्तर हजार भरेल इतकं बारीक. त्यावर बोटभर माती ओढली की ते वर येण्याआधीच संपतं.

सगळ्या बियांना एकच खोली

साधा हिशोब असा, की बियांवर त्यांच्या जाडीइतकीच माती पडावी. धुळीसारख्या बियांवर तीही नको. बेगोनिया, कोलियस, स्नॅपड्रॅगन यांना रुजायला उजेड लागतो. बी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, घडी घातलेल्या कागदावरून ओल्या मिश्रणावर (त्याची कृती पुढे दिली आहे) भुरभुरवा आणि तळहाताने हलकेच दाबा. वर मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकण ठेवलं की झालं.

सदाफुलीचं उलट आहे. तिला अंधार हवा. बियांवर पातळ थर द्या आणि कोंब दिसेपर्यंत ट्रेवर पुठ्ठा झाका. जरबेऱ्याचं बी लांबट, एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला केसांचा झुपका असलेलं. टोक खाली खुपसायचं आणि झुपका मातीच्या वर राहू द्यायचा. हे बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे दोन वर्षं डब्यात पडून राहिलेल्या पाकिटावर भिस्त ठेवू नका. घरच्या फुलातलं बी धरणार असाल तर चिमटीत दाबून बघा. पोचट बी बरंच निघतं, भरलेलं तेवढंच पेरा. आणि आईसारखाच रंग येईल असं धरून चालू नका. तळेगावकडच्या पॉलिहाऊसमधले जरबेरे एकसारखे दिसतात, कारण ती टिश्यू कल्चरची, म्हणजे एकाच रोपाच्या तुकड्यांपासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं असतात.

गोकर्णाच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरतच नाही. डोळ्याची बाजू (बी शेंगेला चिकटलेलं असतं ती) सोडून एका कडेला पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात टाका. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासा.

पाकिटावरचा महिना

परदेशी पाकिटावर 'मार्चमध्ये पेरा' असं छापलेलं असतं. तो मार्च बर्फ वितळणाऱ्या मुलखातला. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. दुसरा घोळ आपल्याच उत्साहाचा. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघून आपण भारावून घरी येतो आणि फेब्रुवारीत तीच फुलं पेरायला बसतो. ती फुलं बघायची जानेवारीत, पण पेरायची असतात गणपती उठल्यावर. थंडी आवडणाऱ्या फुलांचं बी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात टाकावं. जूनमध्ये उघड्यावर पेरलं तर एका जोरदार सरीत सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

डेल्फिनियम आणि अ‍ॅक्विलेजिया यांना तर आधी गारवाच लागतो. ओल्या टिश्यूत गुंडाळून, डबीत घालून पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही) आणि रात्री गार झाल्या की नोव्हेंबरात पेरा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: पाकिटावर बहुवर्षायू लिहिलेलं असलं तरी पुण्याचा एप्रिल-मे या दोघांना बहुधा झेपत नाही. हंगामी म्हणून लावा, म्हणजे मन खट्टू होणार नाही. वर्षानुवर्षं सोबत करणारं हवं असेल तर जरबेरा, पेंटास, गोकर्ण, अडेनियम हीच आपली माणसं. अडेनियमला मात्र ऊन हवं. ताजं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकलं तर आठवड्याभरात कोंब दिसतात. जुलैच्या ओलीत तेच कुजतं.

मायेने मारणं

सर्वांत जास्त रोपं जातात ती पाण्याने. हे चित्र मी फार वेळा पाहिलंय. रात्री ट्रेमध्ये पन्नास-साठ रोपं ताठ उभी असतात. सकाळी कडेची सात-आठ आडवी. पानं अजून हिरवी, टवटवीत, पण मातीला लागून खोड दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक आणि पाणचट झालेलं. संध्याकाळपर्यंत पाव ट्रे झोपतो. ही रोपांची मर. बुरशी ओल्या, कोंडलेल्या मातीत वाढते, आणि पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. वाईट वाटतं, पण त्याला वाचवायला अजून पाणी घालणं म्हणजे उरलेल्यांचाही घात. पडलेली रोपं भोवतीच्या मातीसकट चमच्याने काढून टाका, झाकण उघडा, ट्रे वाऱ्याच्या जागी हलवा, वरचा थर सुकू द्या.

खरा इलाज आधीच करायचा असतो. बी दाट टाकू नका. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळा. पाणी सकाळी द्या आणि खालून द्या: परातीत बोटभर पाणी, त्यात ट्रे दहा-पंधरा मिनिटं, वरचा थर ओलसर दिसला की बाहेर. झारीची धार या रोपांवर नकोच. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरे क्षार चढत असतील, तर रोपं हाताशी येईपर्यंत पिण्याचं पाणी वापरा. एवढ्याशा ट्रेला ते लागतं तरी किती.

मिश्रण

बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका, सुकल्यावर तिची पापडी धरते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, थोडी जाड वाळू. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. मुंग्या बी उचलून नेत असतील तर ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. कबुतरांसाठी वरून जाळी.

घाई

पहिली दोन पानं ही दलपत्रं, म्हणजे बियातूनच आलेली पानं. त्यानंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप हलवा. धरायचं ते पानाला. खोड चिमटीत चेपलं तर रोप गेलंच. पश्चिमेच्या बाल्कनीत एकदम ठेवू नका. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या पानाला एका दुपारीत भाजतं. आधी सकाळचा तासभर, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण. जरबेरा लावताना पानांचा बुडखा मातीच्या वर ठेवा, गाडला तर तिथेच कुजतो.

आणि ट्रे रिकामा दिसतो म्हणून दहाव्या दिवशी उलटा करू नका. डेल्फिनियम तीन आठवडेही घेतं. ट्रेला पट्टी खोचून नाव आणि पेरल्याची तारीख पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पाण्याने जाते.