सुरक्षा विषयात पदव्युत्तर शिक्षण: प्रवेशाआधीचे सहा महिने कसे वापराल

संरक्षणशास्त्र, अंतर्गत सुरक्षा, सायबर सुरक्षा, डिजिटल फॉरेन्सिक्स ही नावं माहितीपुस्तिकांत शेजारी शेजारी छापलेली असतात, पण रस्ते दोन आहेत. एक कायदा आणि धोरणाचा, दुसरा यंत्राचा. ही निवड अर्ज भरायच्या आधी करावी. अभ्यासक्रमाचं नाव बाजूला ठेवून चारही सत्रांचे विषय वाचावेत आणि प्रयोगशाळेचे तास मोजावेत. नावात 'सायबर' आणि प्रात्यक्षिक नावापुरतं असेल, तर तो यंत्राचा अभ्यासक्रम नाही.

पहिल्या रस्त्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जवळचा. गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. दुसऱ्यासाठी गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. गोव्यात फोंड्यालाही त्याचा परिसर आहे, मात्र कोणता अभ्यासक्रम कुठे चालतो ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतच पाहावं. राष्ट्रीय रक्षा आणि न्यायवैद्यक विज्ञान ही दोन्ही विद्यापीठं 2020 च्या संसदीय कायद्यांनी आजच्या रूपात आली. पुण्यात गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत सायबर सुरक्षेत एम.टेक. आहे. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षीच परीक्षा देऊन ठेवावी. एक गैरसमज मात्र आत्ताच दूर व्हावा: ही पदवी घेऊन कुणी थेट एटीएसमध्ये, म्हणजे दहशतवादविरोधी पथकात, जात नाही. पोलीस सेवेचा दरवाजा भरती परीक्षेचाच आहे.

धोरणाकडे जाणाऱ्यांनी मूळ कागद वाचायची सवय लावावी. अजमल कसाब प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 29 ऑगस्ट 2012 चा निकाल मोफत उपलब्ध आहे. तो वाचताना वहीत चार रकाने आखावेत: पुरावा कोणता, कुणी गोळा केला, कुणी सिद्ध केला, बचावाचा आक्षेप काय. सीएसटीचे फोटो, हल्लेखोरांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी झालेले फोन, असं एकेक नोंदवत जावं. सोबत यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) आणि डिसेंबर 2008 मध्ये झालेला एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायदा कलमवार वाचावा. ही वही पुढे प्रबंधाच्या आराखड्याला उपयोगी पडते. 'दहशतवाद: कारणे व उपाय' असा विषय घेतला की प्रबंध बुडालाच समजा. एक कायदा, एक जिल्हा, पाच वर्षं एवढी चौकट पुरे.

यंत्राच्या रस्त्यावर मात्र हात चालवल्याशिवाय काही कळत नाही. 8 जीबीचा जुना पेनड्राइव्ह घ्यावा, त्यात वीसेक फोटो टाकावेत, पाच पुसावेत. मग त्याची प्रतिमा, म्हणजे पुसलेल्या जागेसकट हुबेहूब नक्कल, काढावी: साधन लिनक्सवर डीडी किंवा विंडोजवर एफटीके इमेजर. पेनड्राइव्हचा आणि प्रतिमेचा, दोघांचाही एसएचए-256 हॅश, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारा अंकी ठसा, काढावा. हेक्साडेसिमल (0 ते 9 आणि a ते f) पद्धतीतली ही 64 चिन्हं तंतोतंत जुळली पाहिजेत. मग ऑटोप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त प्रतिमा उघडून पुसलेले फोटो शोधावेत.

इथे चुका ठरलेल्या आहेत. आत दहा फोटो असोत की हजार, कच्ची प्रतिमा पूर्ण 8 जीबीचीच होते. ती ठेवायची डिस्क एफएटी32 या फाइल-प्रणालीची असेल तर 4 जीबीला काम अडतं, कारण त्याहून मोठी फाइल ती प्रणाली घेत नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. डीडीमध्ये 'आयएफ' म्हणजे स्रोत आणि 'ओएफ' म्हणजे गंतव्य. यांची अदलाबदल झाली की पुरावाच पुसला जातो, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचावी. हॅश जुळला नाही, तर बहुतेक वेळा यंत्रणेने पेनड्राइव्ह आपोआप जोडून घेताना त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. ऑटोमाउंट बंद ठेवावं. प्रयोगशाळेत याचसाठी राइट-ब्लॉकर (उपकरणावर काही लिहू न देणारं साधन) वापरतात. हाच प्रयोग एसएसडीवर केला तर ट्रिममुळे (पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करते) पुसलेलं बहुधा परत मिळत नाही.

ही 64 चिन्हं नुसता सराव नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा 'अ' भाग सादर करणारा भरतो, 'ब' भाग तज्ज्ञ, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो. आपल्या पेनड्राइव्हसाठी दोन्ही भाग भरून पाहावेत. कुठल्या रकान्याशी अडतो ते लगेच कळतं.

सराव स्वतःच्या उपकरणावर किंवा आभासी यंत्रावरच. कॉलेजचा सर्व्हर परवानगीशिवाय तपासणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा ठरू शकतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि असा गुन्हा नावावर असलेल्याला या क्षेत्रात कुणी उभं करत नाही.

पोलीस, अग्निशमन किंवा आपत्ती व्यवस्थापनात आधीच नोकरीला असणाऱ्यांनी ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आधी द्यावा, प्रवेशाचा नंतर. ती फाइल किती टेबलांवरून फिरते हे त्यांना सांगायला नको.

मुलाखतीला जाताना वही किंवा प्रयोगाची नोंद सोबत न्यावी. तारीख, वेळ, उपकरणाचा अनुक्रमांक, दोन्ही हॅश आणि फसलेला प्रयत्नही त्यात असावा. फसलेली नोंद खोडू नये. तपासातही ती खोडायची नसते.